काळी बाटली आणि दगडफुलाचा वास



या पानावर येणारी पत्रं बहुधा लोणच्यावर आलेला बुरा, नाही तर तांदळातले पोरकिडे यांच्याविषयी असतात. या खेपेस दौंडच्या एका भगिनीचं पत्र आलं ते मात्र अत्तराच्या बाटलीविषयी आहे, आणि तेही पुरुषांच्या. त्यांचे यजमान रेल्वेत फिटर आहेत. दिवसभर ग्रीस आणि डिझेल. घरी येऊन दोनदा साबण लावला तरी नखांच्या कडांतून आणि कानामागून तो वास हटत नाही. त्यामुळे लग्नकार्यात म्हणा, मुलांच्या पालकसभेत म्हणा, ते कायम दाराशी, भिंतीला टेकून उभे राहायचे. दिवाळीत दुबईच्या मेहुण्यानं त्यांना एक काळी बाटली आणून दिली. 'तेव्हापासून हे पहिल्या रांगेत बसतात,' असं बाईंनी लिहिलं आहे.

एवढ्यावर पत्र थांबलं असतं तर किती छान! पण पुढे लिहितात, की तो वास इतका उग्र आहे की त्यांचं स्वतःचं डोकं दुखतं, आणि सासूबाईंना दमा असल्यामुळे त्या खोकत ओट्यावर जाऊन बसतात. 'सांगितलं तर हे पुन्हा दाराशी जाऊन उभे राहतील. न सांगावं तर सासूबाईंचे हाल. हा वास मुळात चांगला की वाईट, हेच मला ठरवता येत नाही. तुम्ही सांगा.'

आता अत्तराची पारख हा काही माझा विषय नव्हे. मी बी. ए. झाले ती मराठी घेऊन, आणि शिरूरला अर्धवेळ शाळेत शिकवते ते व्याकरण. परंतु माझं माहेर दौंडचं, आणि नेमकी तीच बाटली माझा धाकटा भाऊ गेली दोन वर्षं वापरतो. तेव्हा शाळेला सुट्टी लागल्याबरोबर न्हावरा-चौफुल्याच्या रस्त्यानं दौंड गाठलं, बाटली पुढ्यात घेतली, आणि चार दिवस भावाला वर्गातल्या मुलासारखं समोर बसवून वहीत तासातासानं नोंदी केल्या. भावजय हसून हसून दमली.

बाटलीचं नाव 'द्राकार न्वार'. दुकानातली मुलं त्याला ड्रॅकर नॉयर म्हणतात, कुणी ड्रॅकुलाही म्हणतात, ते सोडून द्या. नाव फ्रेंच आहे. जुन्या काळी उत्तर युरोपातले दर्यावर्दी ज्या लांबट होड्यांतून लुटीला निघत, त्यांना फ्रेंच लोक द्राकार म्हणतात. न्वार म्हणजे काळा. पॅरिसला गी लारोश नावाचे कपड्यांचे मोठे कारागीर होते, 1989 साली ते वारले. त्यांच्या नावानं हे अत्तर 1982 मध्ये बाजारात आलं. बनवलं पिएर वार्न्ये या माणसानं. ऐंशीच्या दशकात ते युरोप-अमेरिकेत अफाट खपलं, आणि चाळीस वर्षं उलटून गेली तरी अजून विकलं जातं. बाटलीवर 'ओ द त्वालेत' असं लिहिलेलं असतं. भावाच्या मुलानं इंग्रजी अक्षरं जुळवून ते 'टॉयलेट' असं वाचलं आणि घरभर नाचला. त्याला सांगितलं, बाबा रे, फ्रेंचांकडे त्वालेत म्हणजे साजशृंगार, नटणंमुरडणं. अशा बाटलीत सुगंधी द्रव्य साधारण पाच ते पंधरा टक्के आणि उरलेलं बहुतेक अल्कोहोल असतं. आपल्या अत्तराला चंदनाच्या तेलाची बैठक असते, म्हणून ते कानाच्या पाळीत फाया ठेवला तरी हळूहळू दरवळतं. अल्कोहोल तसं थांबत नाही. ते उडतं, आणि उडताना सगळा वास एकदम खोलीभर फेकतं. पत्रातल्या सासूबाई ओट्यावर जातात त्याचं निम्मं कारण इथेच आहे.

आता वहीतल्या नोंदी.

पहिला दिवस. सकाळी सात, भावाची आंघोळ झालेली, मनगटावर एक फवारा. पहिल्यांदा लिंबाचा झणका, मग लव्हेंडर, म्हणजे आपल्या ओळखीचा त्या जुन्या टाल्कम पावडरीचा वास. त्याच्या पाठोपाठ आणखी काहीतरी, स्वच्छ, थंड आणि थोडं बोचरं. मी शब्द शोधत होते तोवर भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली, "वन्सं, हा तर धुण्याच्या पावडरीचा वास!" आणि तिचं नाक अगदी बरोबर होतं. या अत्तरात डायहायड्रोमिर्सेनॉल नावाचं एक कृत्रिम द्रव्य सढळ हातानं घातलेलं आहे. ते स्वस्त, टिकाऊ आणि साबणात-पावडरीत न बिघडणारं, त्यामुळे धुण्याच्या पावडरींतही ते वापरतात. तेव्हा तुमच्यापैकी कुणाला पुरुषांच्या अत्तरात धुतलेल्या कपड्यांचा भास झाला, तर आपल्याला काही कळत नाही असं समजू नका. तुम्हांला बरोबर कळलेलं असतं.

साडेसात-आठला लिंबू विरलं. लव्हेंडर राहिलं, आणि त्याच्या बाजूला धण्यांसारखा कोरडा मसालेदार वास आला. नऊला भाऊ कामावर गेला. खरी गंमत दुपारी झाली. तो जेवायला आला, मी पुन्हा मनगट पुढे घ्यायला लावलं, आणि मला आईचा गोड्या मसाल्याचा डबा आठवला. खोटं नाही सांगत. आपण मसाला भाजताना शेवटी दगडफूल परततो ना, त्या वेळी जो ओलसर मातीचा, लाकडाचा, जुन्या वाड्याच्या भिंतीसारखा वास उठतो, तो! त्याचं कारणही आहे. या जातीच्या अत्तरांच्या तळाशी ओकमॉस नावाचं द्रव्य असतं. नावात मॉस असलं तरी ते शेवाळ नव्हे. ओकच्या झाडावर वाढणारं ते दगडफूलच, म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच कुळातलं. कनौजला जी शमामासारखी मसालेदार अत्तरं बनतात त्यांतही दगडफूल पडतं. म्हणजे फ्रान्सचा कारागीर आणि आपली आजी, दोघांनी एकाच घराण्यातली वस्तू हेरली. एकानं ती शर्टाखाली नेली, दुसरीनं आमटीत.

ओकमॉसच्या जोडीला पाच. फुलवालीकडे मरव्या-दवण्याबरोबर पाचेची पानं मिळतात, त्या पाचेचं तेल जगभरच्या पुरुषी अत्तरांत जातं. वाळाही असाच जगभर गेलेला आहे. लव्हेंडर, ओकमॉस आणि कुमारिन हे त्रिकूट ज्या अत्तरात असतं त्याला फ्रेंच लोक 'फुजेर' म्हणतात, म्हणजे नेचा. नेच्याला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच, नाव नुसतं कवीपणाचं. या घराण्याचं मूळ अत्तर 'फुजेर रोयाल' 1882 साली निघालं. बरोबर शंभर वर्षांनी ही काळी बाटली आली. कुमारिनचा वास कसा म्हणाल, तर नुकत्याच कापून वाळत घातलेल्या गवतासारखा, गोडसर. शिरूर-दौंड पट्ट्यातल्या बाईला गवताच्या गंजीचा वास समजावून सांगायला नको. विल्यम पर्किन या रसायनतज्ज्ञानं ते 1868 मध्ये प्रयोगशाळेत तयार केलं, म्हणून तर असली अत्तरं मोठ्या प्रमाणावर बनवणं परवडू लागलं.

संध्याकाळी सातला मनगटावर फारसं काही उरलं नव्हतं. पण चुकून बाहीला लागलेला थेंब मात्र दुसऱ्या दिवशी बादलीतही ओळखू येत होता.

दुसऱ्या दिवशी मी भावाला म्हटलं, तू रोज जसा मारतोस तसाच मार. त्यानं आरशासमोर उभं राहून गळ्यावर, शर्टावर, काखेत मिळून सहा फवारे मारले. दार बंद, खिडकी बंद. मुलगा शिंकला, माझे डोळे चुरचुरले, आणि भाऊ म्हणतो कसा, "ताई, मला तर काहीच येत नाही!" यात त्याचा काही दोष नाही. नाकाला वासाची सवय होते आणि थोड्या वेळानं आपलाच वास आपल्याला कळेनासा होतो. साखर कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांना मळीचा वास येत नाही आणि पाहुण्यांना नाकाला रुमाल लावावा लागतो, तसंच हे. मग माणसाला वाटतं अत्तर उडून गेलं, आणि तो आणखी मारतो. त्या दिवशी भाऊ सकाळच्या गाडीनं पुण्याला गेला होता. गर्दीच्या डब्यात शेजारच्या गृहस्थांनी आधी खिडकी उघडली, मग उठून दाराशी गेले, हे त्यानंच रात्री सांगितलं. त्यानं ते उकाड्यावर ढकललं. भावजयीनं माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे.

तिसऱ्या दिवशी मात्र बाटली मी माझ्या हातात घेतली. आंघोळीनंतर, अंग कोरडं केल्यावर, बनियन घालायच्या आधी छातीवर दोनच फवारे. आणि ते खोलीत नव्हे, मागच्या अंगणात. पाच मिनिटं तसंच उभं राहायचं, मग कपडे. तो घरात आला तेव्हा हातभर अंतरावर वास येत होता, दोन हातांवर नाही. दुपारी तर जवळून ताट वाढतानाच कळावा, इतका. भावजय त्या दिवशी दोनदा म्हणाली, "आज बरं वाटतंय हो." माझ्या मते हातभर अंतर हेच कोणत्याही उग्र अत्तराचं माप. त्याहून दूर गेलं की ते अत्तर त्या माणसाचं राहत नाही, सगळ्या डब्याचं होतं.

तेव्हा वास चांगला की वाईट? माझं मत विचाराल तर चांगला, आणि धीट. हल्लीची पुरुषांची पुष्कळ अत्तरं चॉकलेटच्या गोळीसारखी गोड असतात. यात तो लाडीगोडीचा प्रकार नाही. आधी थोडं अंगावर येतं, पण दुपारनंतर भला माणूस निघतं. कॉलेजातल्या पोराच्या अंगावर मला ते वडिलांचा कोट घातल्यासारखं वाटेल. चाळिशीच्या, कष्टाची सवय असलेल्या माणसाला ते शोभतं. भावजयीचं म्हणणं, पावसाळ्यात आणि थंडीत ते सर्वांत छान लागतं आणि एप्रिल-मे महिन्यांत नकोसं होतं. ते पटण्यासारखं आहे, कारण उन्हात वास झपाट्यानं आणि एकदमच सुटतो. एक खोट सांगायला हवी. ओकमॉसमधल्या दोन घटकांमुळे काही जणांच्या त्वचेवर पुरळ येतं, म्हणून युरोपीय संघानं 2017 मध्ये नियम करून त्यांवर बंदी घातली. 2019 पासून तसा नवा माल बाजारात आणायचा नाही आणि 2021 पासून जुनाही विकायचा नाही. त्यामुळे असल्या जुन्या अत्तरांची घडण बदलत गेली आहे. कुणी म्हणालं, की पूर्वी आमच्या काकांचं होतं ते जास्त घट्ट होतं, तर त्याला हसू नका.

आता दौंडच्या भगिनीला. ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न अडकलेत, ते आधी सोडवू. सासूबाईंचा दमा हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. दमा असलेल्या माणसाला उग्र वासानं खरोखरीच धाप लागू शकते. तिथे तडजोड नको: घरात फवारा बंद, तो अंगणात किंवा गच्चीवर, आणि ज्या दिवशी त्यांना त्रास जास्त असेल त्या दिवशी मुळीच नाही. हे यजमानांना आईच्या नावानं सरळ सांगा. आईसाठी कुठला मुलगा नाही म्हणेल?

तुमच्या डोक्याचं मात्र निराळं. तिथे 'वास फार येतो' हे शब्द उच्चारू नका. ज्या माणसानं आयुष्यभर आपल्या अंगाला वास येतो या धास्तीनं भिंत धरली, त्याला ते वाक्य डिझेलचंच ऐकू येईल. त्यापेक्षा बाटली तुम्ही हातात घ्या. 'थांबा, मी लावून देते' म्हणा, आणि दोन फवारे द्या. बायकोनं लावून दिलेलं अत्तर कुणी वाढवून मागत नाही. मागितलंच, तर म्हणा, मला जवळ आल्यावर आलेला आवडतो. हे खोटंही नाही, कारण तुमच्या पत्रात एक ओळ खोडलेली आहे आणि ती मला वाचता आली.

आणि ते पहिल्या रांगेत बसतात ते बाटलीच्या जोरावर, असं त्यांना वाटत असेल तर वाटू द्या. तुम्ही आपल्या परीनं डिझेलकडे बघा. अत्तर वास झाकतं, काढत नाही. घामावर आणि तेलावर मारलं तर तिसराच वास तयार होतो. कामावरून आल्यावर हाताला आधी साबण न लावता चमचाभर गोडंतेल चोळायला सांगा, म्हणजे ग्रीस सुटेल. मग डाळीचं पीठ, मग साबण. नखांना जुना दात घासायचा ब्रश. काखेत अत्तर नकोच. घामाला मुळात वास नसतो, तो त्यावर वाढणाऱ्या जंतूंमुळे येतो. आंघोळीनंतर ओली तुरटी फिरवली तर ते आटोक्यात राहतात. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. डागांवर भांडी घासायचं लिक्विड चोळून अर्धा तास ठेवा, मग कडकडीत पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवा आणि उन्हात वाळवा. काही जणी रॉकेलनं डाग काढतात. कृपा करून तसं करू नका. एक वास घालवायला दुसरा आणायचा, आणि वर आगीची भीती.

आगीवरून आठवलं. बाटलीत अल्कोहोल आहे, तेव्हा गॅसजवळ, समईजवळ, पेटत्या उदबत्तीजवळ फवारा नको. खाद्यपदार्थ किंवा औषधं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला असलेल्यांनी, रांजणगावकडे अशी पुष्कळ मंडळी आहेत, पाळीच्या वेळी अत्तर लावू नये. तिथे बहुधा मनाईच असते, कारण वास मालाला लागतो.

विकत घेणार असाल तर दोन शब्द. असल्या नावाजलेल्या बाटल्यांच्या नकला गल्लोगल्ली मिळतात. देशात रीतसर आलेल्या बाटलीच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक आणि छापील किंमत असते. पाहुण्यानं परदेशातून आणलेल्या बाटलीवर ते नसणारच, तिथे पाहुण्यावर भरवसा. खोक्याच्या तळाचा आणि बाटलीच्या तळाचा बारीक क्रमांक जुळतो का पाहा. दुकानात मनगटावर मारून लगेच पैसे देऊ नका. बाजारातली बाकीची कामं उरका, दोन-तीन तासांनी हुंगा, मग ठरवा. पहिल्या पाच मिनिटांचा वास विकण्यासाठी असतो. कॉफीच्या बिया हुंगल्या की नाक ताजं होतं म्हणून दुकानदार बरणी पुढे करतात. दाराबाहेर येऊन मोकळी हवा घेतलीत तरी तेवढंच काम होतं. एका वेळी तीनच्या वर वास घेऊ नका.

बाटली न्हाणीघरात किंवा खिडकीत ठेवली की उन्हानं-वाफेनं बिघडते. कपाटात, खोक्यातच ठेवावी. मात्र तुमच्या रेशमी साड्यांच्या कप्प्यात नको. रेशमावर आणि जरीवर अत्तराचा डाग पडला तर तो सहसा निघत नाही. मोत्यांचंही तसंच, अल्कोहोलनं त्यांची झळाळी जाते. कार्याला निघताना यजमानांचं अत्तर आधी, तुमची नथ आणि तन्मणी नंतर.

वाळवणांची पत्रं फार साठली आहेत, ती पुढच्या आठवड्यात घेते.